चिमणीला शून्य

जाहिरात आली तेव्हा प्रणाली मुलांना डबे उघडून देत होती. पांढुर्ण्यातल्या एका खाजगी नर्सरीत ती आठ वर्षांपासून शिकवत होती. एका हातात कोणाच्या तरी डब्याचं घट्ट झाकण, दुसऱ्या हातात फोन, अशी उभ्या उभ्याच तिनं ती वाचली. पाठवणारी शीतल, सौसरला तिच्यासोबत बालशिक्षणाचा कोर्स केलेली मैत्रीण. खाली शीतलनं लिहिलं होतं, 'हे तुझ्यासाठीच काढलं वाटते यांनी.'

'नन्हे सोपान' नावाची दिल्लीची संस्था होती. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाचं काम ती देशभर करायची. मध्य प्रदेशातला, महाराष्ट्राच्या सीमेवरचा पांढुर्णा नुकताच स्वतंत्र जिल्हा झाला होता आणि संस्थेला इथल्या अंगणवाड्यांमध्ये काम सुरू करायचं होतं. त्यासाठी जिल्हा समन्वयक पाहिजे होता. पदवी, बालशिक्षणाचा कोर्स, पाच वर्षांचा अनुभव, स्थानिक उमेदवाराला प्राधान्य. सगळं तिच्याजवळ होतं. शेवटची ओळ तिनं तीनदा वाचली. चांगलं काम करणाऱ्यांना दोन वर्षांनी भोपाळच्या राज्य कार्यालयात आणि पुढे राष्ट्रीय पातळीवर संधी.

लहान मुलांना शिकवणाऱ्या बाईला पुढे जायला एखादा रस्ता असतो, हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. नर्सरीतली बाई म्हातारी होईपर्यंत नर्सरीतलीच बाई राहायची. दरवर्षी नवी मुलं यायची, रडायची, रुळायची आणि जूनमध्ये पहिलीत निघून जायची. प्रणाली तेहतीस वर्षांची झाली होती. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, घरात ती आणि तिचे वडील केशवराव, दोघंच. केशवराव मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते, आता निवृत्त.

"दिल्लीची संस्था पांढुर्ण्यात काय करून राहिली?" त्यांनी विचारलं.

"अंगणवाड्यांतल्या मुलांना चांगलं शिकवायचं म्हणतात, बाबा."

"अन् तू कोण होशील त्याच्यात?"

"जिल्हा समन्वयक."

केशवरावांनी तो शब्द सावकाश उच्चारून पाहिला. "मले हेडमास्तर पण नाही केलं कोणी," ते म्हणाले. "भर तू फॉर्म. आजच भर."

मुलाखत फोनवरच, व्हिडिओवर झाली. दिल्लीहून अपर्णा मॅडम बोलत होत्या. पन्नाशीच्या, आखूड पांढरे केस, आवाज शांत. त्यांनी हिंदीत विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? हा प्रश्न प्रणालीला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. ती म्हणाली, मुलांना काय शिकवायचं ते जिथे ठरतं, तिथे मला बसायचं आहे. अपर्णा मॅडम हसल्या आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

आठवड्यानं पत्र आलं. निवड पक्की नव्हती. दोघांना तीन महिने उमेदवारीवर घेतलं होतं. पांढुर्णा तालुका भूपेंद्र नावाच्या छिंदवाड्याच्या एका तरुणाकडे आणि सौसर तालुका प्रणालीकडे. तीन महिन्यांनी दोघांतल्या एकालाच ठेवणार होते. नर्सरीच्या मॅडमनी राजीनामा घेताना सांगितलं, "जागा काही मोकळी ठेवता येणार नाही बरं. मागाहून म्हणशील." प्रणालीनं मान हलवली. तिला मागाहून काही म्हणायचंच नव्हतं.

काम मुलांची पहिली चाचणी घेण्याचं होतं. संस्थेच्या भाषेत बेसलाइन. शिकवणं सुरू करण्याआधी मुलांना किती येतं ते नोंदवायचं, म्हणजे वर्षभरानं किती फरक पडला ते कळतं. भोपाळला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, प्रत्येकाला एक टॅब मिळाला. टॅबवर चित्र यायचं, खाली हिंदीत प्रश्न. प्रश्न जसाच्या तसा वाचायचा. भाषांतर करायचं नाही, सुचवायचं नाही. मूल जे बोलेल ते टॅबमध्ये रेकॉर्ड व्हायचं आणि चाचणी घेणाऱ्यानं तीनपैकी एक बटन दाबायचं: हिरवं बरोबर, लाल चूक, करडं उत्तर नाही.

प्रशिक्षणातच प्रणालीनं हात वर केला होता. "सर, हमारे यहाँ के बच्चे घर में मराठी बोलते हैं."

भोपाळ कार्यालयाचे ऋषिकेश सर शिकवत होते. प्रश्नानं त्यांना राग आला नाही. "राज्य तो मध्य प्रदेश ही है ना, प्रणाली जी?" ते म्हणाले आणि पुढच्या चित्राकडे वळले.

पहिल्या आठवड्यात तिनं मुलांना सांभाळून घेतलं. केळ्याच्या चित्राला 'केळ' म्हणणाऱ्या, सशाला 'ससा' म्हणणाऱ्या पोरांना तिनं हिरवं बटन दिलं. शनिवारी ऋषिकेश सरांचा फोन आला. रेकॉर्डिंग इथे ऐकलं जातं, ते म्हणाले. तुमचे चौदा निकाल आम्हाला बदलावे लागले. भूपेंद्रजींचा एकही नाही. आवाज नेहमीसारखाच गोड होता. "अगले हफ्ते ध्यान रखिएगा."

तिनं ध्यान ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात तिचा एकही निकाल बदलावा लागला नाही.

बोरगावपासून आत चार किलोमीटरवर एक खेडं आहे. तिथली अंगणवाडी वच्छलाबाई सव्वीस वर्षांपासून चालवत होत्या. कोर्सच्या वेळी प्रणालीला दोन महिने त्यांच्याकडे पाठवलं होतं. पोरांसमोर कसं बसायचं, रडणाऱ्या पोराला कुठवर रडू द्यायचं, गोष्ट सांगताना कुठे थांबायचं, हे सगळं प्रणाली पुस्तकात नव्हे तर त्या एका खोलीत शिकली होती. ती त्यांना मावशी म्हणायची. टॅब घेऊन ती दारात उभी राहिली तेव्हा वच्छलाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी पोरांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या.

"हे मायी प्रणाली. इथंच शिकली. आता दिल्लीच्या कंपनीत हाय!"

"कंपनी नाही मावशी, संस्था आहे."

"तेच ते. बस. पह्यले पाणी पे."

खोली तशीच होती. एका कोपऱ्यात सरकी, तुरीचे दाणे आणि चिंचोके निरनिराळ्या डब्यांत भरून ठेवले होते. पोरं ते वेगळे करायची, मोजायची, त्यांची घरं मांडायची. तान्हा पोळा जवळ आला होता म्हणून खिडकीत मातीचे बैल वाळत होते. कोणाला तीन पाय, कोणाची शिंगं कानाच्या खाली.

प्रणाली जमिनीवर बसली आणि एकेका पोराला समोर घेऊ लागली. वच्छलाबाई तिच्या जरा मागे, भिंतीला टेकून बसल्या होत्या. चौथी आली श्रुती. साडेचार वर्षांची, दोन वेण्या, समोरचा एक दात किडलेला. तिच्या तोंडाला थांबणं माहीत नव्हतं.

पहिलं चित्र आलं. प्रणालीनं वाचलं, "यह क्या है?"

"चिमणी!" श्रुती म्हणाली. "हे आमच्या घरी येते. आरशात चोच मारते. तिले वाटते आतमंदी दुसरी चिमणी हाय. माया आबा म्हणते, आरसा उलटा करून ठेवा, नाही तर डोकं फोडून घेईन ते."

साडेचार वर्षांच्या पोरीच्या तोंडचं असं बोलणं प्रणालीनं आठ वर्षांत नर्सरीत क्वचित ऐकलं होतं. पाखराला काय वाटतं, आबांना काय वाटतं, पुढे काय होईल, सगळं त्या चार वाक्यांत होतं. टॅबवर लिहिलं होतं: अपेक्षित उत्तर, चिड़िया. प्रशिक्षणात मुद्दाम सांगितलं होतं, हिंदीत चिमनी म्हणजे धुराडं, ते उत्तर चूक धरा.

भोपाळला हे कोणीतरी ऐकणार होतं. प्रणालीनं लाल बटन दाबलं.

केळं लाल. घुबड लाल. 'फूल कितने हैं' विचारल्यावर श्रुतीला कितने कळलं नाही. तिनं फुलांचे रंग सांगितले. लाल. दहाव्या चित्राला ती प्रणालीच्या तोंडाकडे पाहू लागली. आपण काही चुकतो आहोत हे तिला कोणी न सांगता कळलं होतं. बाराव्या चित्राला ती बोललीच नाही. करडं.

त्या खोलीतल्या अठरा पोरांचं असंच झालं. दुपारी वच्छलाबाईंनी विचारलं, "कसे काय बोलले व माय पोरं? श्रुती तं लय बोलत होती."

"हो मावशी, खूप बोलली," प्रणाली म्हणाली.

ते खोटं नव्हतं. पण पुढचं तिनं सांगितलं नाही. निकाल कोणाला सांगायचे नाहीत असा नियम होता आणि त्या नियमाचा तिला त्या वेळी आधार वाटला. टॅबमध्ये शेवटी शेऱ्यासाठी एक चौकट होती. तिथे तिनं हिंदीत लिहिलं की या केंद्रातली मुलं मराठी बोलतात, त्यांची समज वयाच्या मानानं पुढची आहे, हे गुण त्यांच्या समजेचे नाहीत. कोणीतरी वाचेल, असं म्हणून तिनं पाठवा दाबलं. येताना बोरगावच्या फाट्यावर बसची वाट पाहत ती अर्धा तास उभी होती. तेवढ्या वेळात परत जाऊन सांगता आलं असतं. तिला तसं वाटलंही. मग बस आली.

निकाल सप्टेंबरात आले. संस्थेनं सौसरला एका सभागृहात सगळ्या सेविकांना बोलावलं. ऋषिकेश सर भोपाळहून आले होते. पडद्यावर आलेख दाखवून झाले आणि मग एक यादी आली, लाल अक्षरांत. सौसर तालुक्यातली सर्वांत मागे असलेली बारा केंद्रं. गावाचं नाव, सेविकेचं नाव. पहिलंच नाव वच्छलाबाईंचं होतं.

"इनको हम दोष नहीं दे रहे हैं," ऋषिकेश सर म्हणाले. "इनको सबसे ज़्यादा मदद मिलेगी. ज़रा खड़े हो जाइए सब, ताकि बाकी लोग पहचान लें."

बारा बायका उभ्या राहिल्या. वच्छलाबाईंना आधी कळलंच नाही. शेजारणीनं कोपर मारलं तेव्हा त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. सव्वीस वर्षांत त्यांना दोनदा उत्कृष्ट सेविकेचं प्रशस्तिपत्र मिळालं होतं. त्यांनी पदर सारखा केला आणि हसऱ्या चेहऱ्यानं इकडेतिकडे पाहिलं, काही गंमत चालली असावी तसं. प्रणाली मंचाच्या बाजूला टॅब घेऊन उभी होती. तिनं आपली नजर पडद्यावर ठेवली.

सभेत कोणीतरी यादीचा फोटो काढला. दोन दिवसांत तो गावागावात फिरला.

पुढच्या सोमवारी प्रणाली त्या खेड्यात गेली तेव्हा खोलीत अठराच्या जागी सात पोरं होती. ज्यांच्यानं जमलं त्यांनी पोरांना ऑटोत बसवून बोरगावच्या खाजगी शाळेत घातलं होतं. वच्छलाबाई मधोमध बसून होत्या. डबे कोपऱ्यात तसेच बंद.

"मावशी, काही घेत नाही पोरांचं?"

"काय घेऊ?" त्या म्हणाल्या. "मी जे घेते ते चुकीचं निघालं न. तुमची मदत येऊ द्या, मंग घेईन."

प्रणाली श्रुतीच्या घरी गेली. श्रुतीची आई सुचिता अंगणात कपडे वाळत घालत होती. प्रणालीला पाहून तिनं हातातला कपडा पिळायचा थांबवला नाही.

"आता काय तपासाले आले?"

"श्रुती कशी आहे?"

"हाय. ऑटोनं जाते. तिथली मॅडम म्हणते, पोरगी मुकी हाय का? घरी येते तं बोलते, पण कोणी काही विचारलं का गप. परवा पाहुण्यानं नाव विचारलं, तं भिंतीले तोंड करून उभी राह्यली." सुचितानं कपडा झटकला. "मले आधीच माहीत असतं तं पाठवलंच नसतं त्या अंगणवाडीत. लय वर्ष वाया गेले म्हणते न तिथं पोरायचे."

"नाही हो, तसं नाही. ती हुशार आहे. तिनं सगळं बरोबर सांगितलं होतं."

"मंग तुमच्या यादीत काऊन लिवलं?"

श्रुती दारात आली. प्रणालीच्या खांद्याला टॅबची पिशवी होती. पोरीनं ती पिशवी पाहिली आणि ती आत निघून गेली. प्रणालीनं दोनदा हाक मारली. आतून काही आवाज आला नाही.

त्या महिन्यात प्रणालीनं संस्थेनं न सांगितलेलं एक काम केलं. बारापैकी आठ केंद्रांत ती टॅब न घेता गेली. चित्रं कागदावर काढून नेली, प्रश्न मराठीत विचारले आणि उत्तरं वहीत जशीच्या तशी उतरवली. वच्छलाबाईंची उरलेली सात पोरंही तिनं घेतली. दोन रकाने केले, एक हिंदी, एक मराठी. दुसऱ्या रकान्यात आठपैकी सहा केंद्रं तालुक्याच्या सरासरीच्या वर होती. केशवरावांनी रोज संध्याकाळी बसून शुद्धलेखन तपासलं. "हे पाहून कोणी नाही म्हणूच शकत नाही," ते म्हणाले. जामसावळीला जाऊन त्यांनी मारुतीला नारळ फोडला आणि घरी आल्यावर ते तिला सांगितलंही, एरवी ते असल्या गोष्टी लपवून करायचे.

अहवाल थेट अपर्णा मॅडमना गेला. उत्तर तिसऱ्याच दिवशी आलं. अंतिम निवडीसाठी त्या नागपूरला येणार होत्या, तिथे भेटू.

नागपूरच्या एका हॉटेलात सभेची खोली घेतली होती. भूपेंद्रची मुलाखत आधीच होऊन गेली होती. अपर्णा मॅडमच्या समोर प्रणालीच्या वहीची प्रत उघडी होती, कडेला पेन्सिलीच्या खुणा. प्रणालीनं हिंदीत सुरुवात केली तशा त्या म्हणाल्या, "मराठीत बोला. मी पुण्याची आहे."

प्रणालीला एकदम रडू आल्यासारखं झालं. तिनं सगळं सांगितलं. श्रुतीची चिमणी, आरसा, सभागृहात उभ्या राहिलेल्या बायका.

"तुमचं अगदी बरोबर आहे," शेवटी अपर्णा मॅडम म्हणाल्या. "या वयात मुलांना घरच्या भाषेतच विचारायला हवं. मी स्वतः यावर लिहिलेलं आहे."

"मग ते आकडे बदला ना, मॅडम. निदान ती यादी तरी मागे घ्या."

"आकडे दिल्लीहून पुढे गेलेत. ज्यांच्या पैशांवर हे काम चालतं त्यांच्याकडे. आता ते बदलता येत नाहीत."

"पण ते खोटे आहेत."

"खोटे नाहीत, प्रणाली. हिंदीतल्या प्रश्नांना मुलांनी काय उत्तरं दिली, तेच आहे त्यात." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि स्पष्टच सांगते. सुरुवात खाली असली की पुढची वाढ दिसते. वर्षभरानं हीच केंद्रं सगळ्यांत पुढे आलेली दिसतील. तेव्हा त्या बायकांचं कौतुकच होईल."

"तोवर पोरं राहणार नाहीत तिथे."

अपर्णा मॅडमनी वहीची प्रत मिटली. त्या म्हणाल्या, "मी भूपेंद्रला घेणार नाही. त्यानं वही केली नसती. मला तुम्ही हव्या आहात. आत या आणि पुढच्या वर्षीच्या चाचणीत मराठी आणा. बाहेर राहून हे कोण करणार आहे?"

प्रणाली खिडकीबाहेर पाहत राहिली. नर्सरीत तिच्या जागी दुसरी बाई आली होती. पांढुर्ण्यात तिला कामाला ठेवील अशी दुसरी शाळा नव्हती. आणि मॅडम म्हणत होत्या ते चूक आहे, असंही तिला त्या क्षणी म्हणता येईना. तिनं पत्र घेतलं. घरी केशवरावांनी पेढे आणून ठेवले होते.

वर्षभरात तिनं मराठी प्रश्नांचा संच तीनदा पाठवला. पहिल्यांदा उत्तर आलं की नोंद घेतली आहे. दुसऱ्यांदा आलं की तज्ज्ञ समिती पाहते आहे. तिसऱ्यांदा काहीच आलं नाही. दरम्यान बारा केंद्रांना मदत आली होती: हिंदी चित्रकार्डांचे गठ्ठे आणि दर मंगळवारी सेविकांची शिकवणी. प्रणालीलाच ती घ्यावी लागायची. कार्ड वर धरायचं, शब्द म्हणायचा, पोरांकडून पाचदा म्हणवून घ्यायचा. पोरं म्हणायची. पाखराबद्दल आणखी काही सांगायला कोणाला वेळ नसायचा आणि काही महिन्यांनी कोणी सांगेनासंही झालं.

वच्छलाबाई पहिल्या चार मंगळवारी आल्या. मागच्या रांगेत बसायच्या, कार्ड हातात धरायच्या. पाचव्या मंगळवारी आल्या नाहीत. उन्हाळ्यात त्यांनी गुडघ्यांचं कारण देऊन काम सोडल्याचं प्रणालीला कार्यालयाच्या कागदावरून कळलं. त्यांच्या जागेवर गावातलीच एक तरुण सून लागली. ती हौशी होती, कार्डं पाठ करून यायची.

पुढच्या सप्टेंबरात दुसरी चाचणी झाली. अपर्णा मॅडमनी सांगितलं होतं तसंच झालं. बारा केंद्रांचे गुण दुपटीच्या वर गेले. दिल्लीच्या अहवालात पांढुर्ण्याचं नाव पहिल्या पानावर आलं. आणि डिसेंबरात पत्र आलं की जिल्ह्यातली उद्दिष्टं ठरलेल्या वेळेआधीच पूर्ण झाल्यामुळे संस्था इथलं काम मार्चअखेर थांबवून दुसऱ्या राज्यात जात आहे. उल्लेखनीय कामाबद्दल प्रणालीची भोपाळच्या राज्य कार्यालयात निवड झाली होती. होकार शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचा होता.

शुक्रवारी दुपारी ती वच्छलाबाईंच्या घरी गेली. त्या ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. तिला पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

"या मॅडम. खुर्ची आणते."

"मावशी, मला मॅडम नका म्हणू." प्रणाली खाली बसली. मग प्रणालीनं जे बोलायचं ठरवून आली होती ते एकदम बोलून टाकलं. "मावशी, त्या दिवशी पोरं सगळं बरोबर बोलले होते. मीच चूक लावलं. श्रुतीला मीच शून्य दिलं."

"माहीत हाय मले."

"कसं?"

"मी तुया मांगंच बसली होती न. तुयं बोट दिसत होतं." वच्छलाबाईंनी एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "पोरगी एवढी भरभरून बोलली अन् तू लाल दाबलं. मी मनात म्हटलं, असंल काही तरी. शिकली-सवरली हाय, तिले समजत असंल. मंग तुले विचारलं बी. तू म्हणाली, खूप बोलली."

"तेव्हाच सांगायला पाहिजे होतं मी."

"हो. सांगाले पाह्यजे होतं." त्यांचा आवाज चढला नाही. "कितीक शब्द होते व ते? वीस? तीस? आठ दिवसात करून घेतले असते मी. खेळता खेळता शिकले असते पोरं, त्यायचं आपलं बोलणं पण राह्यलं असतं. सव्वीस वर्षांत कितीक साहेब आले, कितीक योजना आल्या. जे मांगतलं ते करून देल्लं मी. कोणी विचारलं नाही त्याचं मले काही वाटत नाही. पण तू तं मायी होती."

भोपाळला जाणार नाही, इथेच राहून आपण दोघी मिळून एक खोली घेऊ, पोरं जमवू, असं काहीतरी प्रणाली वाटेत जुळवत आली होती. ते आता बोलण्यासारखं उरलं नव्हतं.

"श्रुती कशी आहे?" तिनं विचारलं.

"पह्यलीत हाय. जाते, येते." वच्छलाबाईंनी सूप जवळ ओढलं आणि पुन्हा शेंगांकडे पाहिलं. "पाचची गाडी हाय तुमची. निंघा आता, मंग सहाशिवाय भेटत नाही."

प्रणाली उठली. पाया पडावं की नाही ते तिला ठरवता आलं नाही, आणि ती तशीच अंगणाबाहेर आली.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. बाहेर कापूस वेचून बाया घरी परतत होत्या, डोक्यावर गाठोडी. प्रणालीनं फोन काढला, भोपाळचं पत्र उघडलं. नाही म्हटलं तर एप्रिलपासून सकाळी उठून जायला तिला कुठलीच जागा नव्हती. तिनं दोन ओळींचा होकार लिहिला, एकदा वाचला आणि पाठवला. मग सौसरला बस बदलायची वेळ येईपर्यंत ती डोळे मिटून बसून राहिली.